सोलापूरच्या उन्हात गच्चीवरच्या कुंड्या आणि अंगणातलं लिंबू-डाळिंब: पाणी किती, कधी आणि कसलं?

जुळेसोलापूर_गच्ची

नमस्कार मंडळी. दुसऱ्या मजल्यावरची उघडी गच्ची आहे, दिवसभर ऊन. पंचवीस-एक कुंड्या, बहुतेक १२ इंची काळ्या प्लॅस्टिकच्या: जास्वंद, मोगरा, गुलाब, कढीपत्ता, सदाफुली. तुळस सिमेंटच्या वृंदावनात. घरात मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि एक अरेका पाम. खाली अंगणात काळ्या मातीत चार वर्षांचं लिंबू आणि एक डाळिंब. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, ते पिण्या-स्वयंपाकात जातं. झाडांना बोअरचं पाणी.

एप्रिल संपत आलाय आणि तक्रारी अशा आहेत. जास्वंदीला सकाळ-संध्याकाळ एकेक मग पाणी घालूनही ती दुपारी मान टाकते. मोगरा-गुलाबाची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर. अरेकाच्या पानांची टोकं करपलेली. तुळस बुंध्याशी काळी पडतेय. लिंबाच्या खोडातून डिंक येतोय. कुंड्यांत लाल माती, शेणखत आणि कोकोपीट आहे, तळाला दोन इंच खडी.

शिवाय मे महिन्यात आठ दिवस गावाला जायचंय. नेमके आकडे सांगितलेत तर बरं होईल.

झारीवाला

आधी जास्वंद. दुपारी दोनला मान टाकणं हा एकटा पुरावा धरू नका. ४१-४२ अंशांत पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळं ओढू शकत नाहीत, त्यामुळे माती ओली असतानाही झाड मलूल दिसतं. खरी तपासणी सकाळी सहाला. रात्रभरात पानं ताठ झाली असतील तर पाणी पुरेसं आहे आणि प्रश्न उन्हाचा आहे. सकाळीही लोंबत असतील तर कुंडीत बोट दोन इंच खुपसा. कोरडं लागलं तर पाणी कमी पडतंय. ओलं लागलं आणि झाड तरीही मलूल असेल तर मुळं कुजताहेत. अशा वेळी आणखी पाणी घालणं म्हणजे झाड मारणं. पाणी थांबवा, कुंडी सावलीत न्या, तळाचं भोक बुजलंय का ते काडीने बघा.

पण तुमच्या वर्णनावरून वेगळीच शंका येते. एक मग म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण लिटर. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती बसते. एवढ्याशा पाण्याने वरची दोन-तीन इंच माती भिजते आणि खालची मुळं कोरडी राहतात. मग मुळं वरच येतात, जिथे माती सगळ्यात जास्त तापते. दिवसातून दोनदा थोडं थोडं घालण्यापेक्षा एकदाच, पण तळापर्यंत घाला. १२ इंची कुंडीला एका वेळी २ ते अडीच लिटर, ८ इंचीला पाऊण ते १ लिटर, ६ इंचीला ३०० ते ४०० मिलिलिटर. तळातून पाणी झिरपायला लागलं की कुंडी पूर्ण भिजली असं समजायचं.

किती वेळा, हे झाडाच्या घेरावर (म्हणजे पानोऱ्याच्या आडव्या रुंदीवर) ठरतं, नुसत्या कुंडीच्या आकारावर नाही. हिशोब सोपा आहे. मे महिन्यात उघड्यावर रोज ८ मिलिमीटर पाणी उडतं असं धरा. जास्वंदीचा घेर ५५-६० सेंटिमीटर असेल तर तिची सावली पाव चौरस मीटरवर पडते. पाव गुणिले ८ म्हणजे २ लिटर, त्यातलं ७० टक्के झाड वापरतं असं धरलं तर दिवसाला सुमारे १.४ लिटर. कुंडीतल्या मातीत झाडाला ओढता येईल असं पाणी अडीच-तीन लिटरच मावतं. म्हणजे भरलेली कुंडी दोन दिवसांत रिकामी. म्हणून मोठ्या जास्वंदीला मे महिन्यात रोज सकाळी, लहान घेराच्या सदाफुलीला दिवसाआड. हिवाळ्यात हेच बाष्पीभवन निम्म्यावर येतं, तेव्हा जास्वंदीलाही तीन-चार दिवसांनी पुरतं.

घालायची रीत: अर्धं पाणी घाला, पुढच्या कुंड्यांकडे जा, दहा मिनिटांनी परत येऊन उरलेलं घाला. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी झिडकारतं. माती आकसून कुंडीच्या कडेला फट पडते आणि सगळं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. तळातून लगेच धार लागली तर "झालं पाणी" समजू नका. अशी कुंडी टबमध्ये काठापर्यंत पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा. बुडवण्याइतकी हलकी नसेल तर खुरप्याने कडेची माती सैल करून फट बुजवा आणि तीन-चार हप्त्यांत पाणी द्या.

तळाची खडी पुढच्या वेळी काढून टाका. तिने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच्या थरात अडून राहतं. म्हणजे चिखलाचा पट्टा दोन इंच वर सरकतो आणि मुळांना जागा कमी मिळते. भोकावर जाळीचा तुकडा किंवा खापरी पुरे.

मोगरा_जाई

झारीवाला दादांनी पाण्याचं सांगितलं, मी उन्हाचं सांगते. काळी प्लॅस्टिकची कुंडी थेट स्लॅबवर असेल तर दुपारी आतली माती चाळीस अंशांच्या वर जाते आणि मुळं पाणी ओढणंच कमी करतात. तेव्हा कितीही पाणी घाला, उपयोग नाही. कुंड्या दोन विटांवर उचला, खालून हवा खेळू दे. बाहेरून गोणपाट गुंडाळा किंवा चुन्याचा हात मारा. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, मोठ्या घेराच्या पश्चिमेला. वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लावली की पाण्याची गरज जवळपास निम्मी होते. मोगरा नेटबाहेर ठेवला तरी चालेल, त्याला कळ्यांसाठी ऊन हवंच. मात्र बहर चालू असताना मोगऱ्याला एक दिवसही सुकू देऊ नका, कळ्या गळतात.

मातीवर दोन इंच आच्छादन घाला. आपल्याकडे ज्वारीच्या कडब्याचे तुकडे किंवा उसाचं पाचट सहज मिळतं. बुंध्यापासून दोन बोटं लांब ठेवा. अंगणातल्या झाडांना घालताना अधूनमधून उचलून बघा, कोरड्या पाचटाखाली वाळवी लागते.

तुळशीचं दुखणं वेगळं आहे. अंघोळीनंतर घरातला प्रत्येक जण तांब्याभर पाणी घालतो, म्हणजे चार माणसांच्या घरात दिवसाला तीन-चार लिटर. एप्रिल-मेमध्ये तुळस ते सोसते, पण वृंदावनाच्या तळाला भोक नसेल तर पाणी साचून बुंधा काळा पडतो. बहुतेक वृंदावनांत भोक नसतंच. मिस्त्रीकडून तळाशी अर्ध्या इंचाची दोन भोकं पाडून घ्या. सोपा उपाय म्हणजे तुळस ८-१० इंची मातीच्या कुंडीत लावून ती कुंडी वृंदावनात विटेवर ठेवायची. सिमेंटचा चुना मातीत उतरत नाही हा दुसरा फायदा. घरात एकाने तांब्या घालावा, बाकीच्यांनी पळीभर अर्घ्य द्यावं. श्रद्धाही राहते, तुळसही राहते. पावसाळ्यात आणि थंडीत पळीभरच. दूध, तेल, तूप मुळाशी नको. मंजिऱ्या खुडत राहिलात तर झाड भरतं.

क्षार_तपासा

पांढरा थर, हिरव्या शिरांची पिवळी पानं आणि अरेकाची करपलेली टोकं, तिन्हींचं मूळ एकच: बोअरचं पाणी. पाणी उडून जातं, क्षार कुंडीत उरतात. रोज दोन लिटर पाण्यात १२०० टीडीएस (लिटरला इतके मिलिग्रॅम विरघळलेले क्षार) असेल तर दिवसाला अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ कुंडीत जातं, महिन्याला ७०-७५ ग्रॅम. आणि तुम्ही थोडं थोडं घालत असल्यामुळे तळातून काहीच वाहून जात नाही.

टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. ५०० च्या आत असेल तर निर्धास्त वापरा. ५०० ते १५०० पर्यंत दर वेळी थोडं पाणी तळातून वाहू द्यावं लागतं. १५०० च्या पुढे नाजूक झाडं टिकत नाहीत, २००० च्या पुढचं पाणी कुंडीत घालूच नका. पण टीडीएस म्हणजे सगळं नव्हे. पानं पिवळी पडण्यामागे पाण्यातला विद्राव्य चुना असतो. त्याने मातीचा पीएच वाढतो आणि मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. म्हणून नवी पानं आधी पिवळी पडतात. जुनी पानं आधी पिवळी पडली असती तर नत्र कमी म्हटलं असतं.

उपाय: पीएचच्या पट्ट्या आणा. १० लिटर पाण्यात ३ ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा आणि पट्टी बुडवा. पीएच ६ ते ६.५ दिसला तर तेच प्रमाण धरा, जास्त दिसला तर अर्धा-अर्धा ग्रॅम वाढवा. आठवड्यातून एकदा मोगरा, गुलाब, जास्वंदीला हे पाणी द्या, कालवलेलं त्याच दिवशी संपवा. सोबत लोह द्यायचं तर खत दुकानात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मागा, ते चुनखडीच्या मातीतही टिकतं. स्वस्तातलं ईडीटीए जास्त पीएचच्या मातीत निकामी होतं, ते पानांवर फवारायला ठीक, लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी. पिवळी पडलेली जुनी पानं फारशी हिरवी होत नाहीत, नवी पालवी बघून निकाल ठरवा.

पांढरा थर खरवडून वरची एक इंच माती काढून टाका आणि तिथे कंपोस्ट घाला. ही माती अंगणात टाकू नका.

जुळेसोलापूर_गच्ची

बोअरचा टीडीएस १२५० आला. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी आणि एसीचं पाणी वापरावं का? सोसायटीत काही जणांनी सॉफ्टनर बसवलेत, ते पाणी चालेल?

क्षार_तपासा

सॉफ्टनरचं अजिबात नको. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. पाणी मऊ लागतं, साबणाला फेस येतो, पण माती चोपण (घट्ट, पाणी न झिरपणारी) होते. बागेचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवरून घ्या.

आरओचं वाया जाणारं पाणी म्हणजे तुमचेच क्षार, आणखी दाट. मशीन एक तृतीयांश पाणी शुद्ध काढून दोन तृतीयांश सोडत असेल, तर १२५० चं १८०० च्या पुढे जातं. फरशी पुसा, संडासला वापरा. नळाचं कमी क्षारांचं पाणी आरओला जात असेल तर मोजून ठरवा.

एसीचं पाणी उत्तम, त्यात क्षार जवळपास नसतात. पण इथली उन्हाळ्यातली हवा इतकी कोरडी असते की एप्रिल-मेमध्ये फारसं मिळत नाही. मिळेल तेवढं अरेकाला घाला. अरेका, मनी प्लांट आणि स्नेक प्लांट तिघांना मिळून आठवड्याला चार-पाच लिटर लागतं, तेवढं नळाचं पाणी बाजूला काढणं अवघड नाही. अरेकाला चार-पाच दिवसांनी, मनी प्लांटला आठवड्याने, स्नेक प्लांटला तीन आठवड्यांनी. कुंडीभोवती बारीक काळ्या माश्या उडताना दिसल्या तर घरातल्या झाडांना पाणी जास्त होतंय. कूलरच्या थेट झोतात अरेका ठेवू नका.

कुंड्या धुण्याबद्दल: पूर्ण धुवायची तर कुंडीच्या दुप्पट पाणी लागतं, म्हणजे १२ इंचीला ३० लिटर, पंचवीस कुंड्यांना ७५० लिटर. पाणीटंचाईत हे सांगणं बरोबर नाही. आत्ता दर वेळी १५ टक्के जास्त घालून तळातून जाऊ द्या, सगळ्यात वाईट दोन-तीन कुंड्यांतूनच १५ लिटर सावकाश जाऊ द्या. पूर्ण धुलाई पावसावर सोडा. ३० सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीवर ५०० मिलिमीटर पावसात ३५ लिटर पाणी पडतं. कुंड्या पागोळीच्या धारेखाली सरकवल्या तर आणखी लवकर.

काळीमाती_बांगडी

लिंबाच्या खोडातून येणारा डिंक म्हणजे डिंक्या रोग. मातीतली बुरशी ओल्या बुंध्यातून शिरते. बुंध्याला लागून आळं केलंय ना? तेच कारण. बांगडी पद्धत करा: बुंध्याभोवती दीड फूट त्रिज्येचा मातीचा उंचवटा, त्याच्या बाहेर फांद्यांच्या टोकांखालपर्यंत गोल चर, पाणी फक्त चरात. पाणी ओढणारी बारीक मुळं तिथेच असतात. डिंकाचा भाग धारदार चाकूने निरोगी सालीपर्यंत खरवडा, बोर्डोपेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, जून लागायच्या आधी जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत पुन्हा एकदा. कलमाचा सांधा मातीत गाडला गेला असेल तर मोकळा करा.

किती पाणी? घेर दोन मीटर असेल तर तीन चौरस मीटरवर ८ मिलिमीटर, त्याचे ६५ टक्के, म्हणजे मे महिन्यात दिवसाला १६ लिटर. रोज देऊ नका. काळी माती पाणी धरून ठेवते, सहा दिवसांनी ९०-१०० लिटर द्या. पण ते एकदम ओतलंत तर अर्धं भेगांतून मुळांच्या खाली जातं. आधी चर कोळप्याने किंवा खुरप्याने दोन इंच मोकळा करून भेगा बुजवा, मग बारीक धार दोन-तीन तास सोडा. दुसऱ्या दिवशी चरात पहार घालून बघा, दीड फूट सहज गेली तर पाणी पोचलं. वाफसा आल्यावर (माती ओलसर, पण हाताला न चिकटणारी झाली की) हलकी खुरपणी, वर पाचट. हिवाळ्यात तेवढंच पाणी बारा दिवसांनी.

डाळिंबाचं गणित उलट आहे. ते पाण्याअभावी सहसा मरत नाही, पाण्याच्या लहरीपणाने फळ वाया जातं. फळ धरल्यावर पंधरा दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं की आतले दाणे फुगतात, साल ताणत नाही आणि फळ तडकतं. बोरॉनची कमतरता असली तर आणखी जास्त. आपला जिल्हा डाळिंबाचा, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावलाच आहे. बागायतदार मृग बहारासाठी (जून-जुलैच्या फुलोऱ्यासाठी) उन्हाळ्यात झाडं ताणावर सोडतात, ते बघून घरच्या झाडाचं पाणी तोडायचा मोह होतो. झाडावर आत्ता फळं असतील तर तोडू नका. फळं नसतील तर मे महिनाभर पाणी बंद, जूनच्या सुरुवातीला हलकी छाटणी, शेणखत, मग पहिलं पाणी हलकं आणि दुसरं भरपूर.

झारीवाला

वेळेबद्दल. सकाळी साडेसातच्या आत सगळ्यात चांगलं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं, रबरी पाइपमध्ये अडकलेलं त्याहून जास्त. पहिलं पाणी बादलीत काढा, हाताला कोमट लागेपर्यंत झाडाला लावू नका.

मोगरा_जाई

सकाळी नोकरीची घाई असते त्यांच्यासाठी: उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर दिलेलं पाणीही चांगलं, रात्रभर टिकतं. फक्त स्लॅब गार होऊ द्या आणि पानं भिजवू नका. गुलाबाला मात्र पावसाळ्या-हिवाळ्यात संध्याकाळी नको, रात्रभर ओल्या पानांवर काळे ठिपके येतात.

ठिबक_अण्णा

आठ दिवसांच्या सुट्टीचं बघू. घरच्या टाकीला ठिबक जोडू नका. एक नळी निसटली तर टाकी रिकामी आणि घरी आल्यावर प्यायला पाणी नाही. वेगळा २०० लिटरचा ड्रम घ्या, ड्रीपरपेक्षा एक मीटर उंच स्टँडवर ठेवा, भरल्यावर दोनशे किलोच्या वर जातो म्हणून स्टँड लोखंडी, भिंतीलगत.

ड्रमच्या तोटीला १२० मेशचा जाळीचा फिल्टर, मग टायमर, मग १६ मिलिमीटरची लॅटरल (कुंड्यांजवळून फिरणारी नळी), प्रत्येक कुंडीला ४ मिलिमीटरची मायक्रोट्यूब आणि तासाला ४ लिटरचा साधा ड्रीपर. दोन गोष्टी दुकानात ठासून सांगा. दाब नियंत्रित करणारा ड्रीपर नको, तो एवढ्या कमी दाबाला नीट चालत नाही. टायमर बॉल व्हॉल्व्हचा हवा. सोलेनॉइडच्या बऱ्याच टायमरना किमान अर्धा बार (बार हे दाबाचं माप) दाब लागतो आणि ड्रमचा दाब ०.१ ते ०.२ बारच असतो.

ड्रीपरवर लिहिलेले ४ लिटर १ बारला असतात. दाब दहावा हिस्सा झाला की प्रवाह वर्गमुळाने घटतो, म्हणजे तासाला सव्वा लिटर. ड्रम भरलेला असताना १.७, रिकामा होताना १.२५. रोज पहाटे अर्धा तास लावलात तर कुंडीला सरासरी पाऊण लिटर मिळतं. पंचवीस कुंड्या आणि पाच मोठ्या जास्वंदींना दुसरा ड्रीपर, म्हणजे तीस ड्रीपर. आठ दिवसांत १७५ लिटर. ड्रम पुरतो, पण सगळ्या कुंड्या शेडनेटखाली असतील तरच. निघायच्या आदल्या संध्याकाळी कुंड्या पूर्ण भिजवा. लिंबाला, आणि झाडावर फळं असतील तर डाळिंबालाही, निघताना एकदा भरपूर दिलं की परत येईपर्यंत चिंता नाही.

निघण्याच्या दोन दिवस आधी चालवून बघा. पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली बाटली ठेवा. शेवटच्या बाटलीत पहिल्याच्या पाऊणपटीपेक्षा कमी भरलं तर लॅटरलची दोन्ही टोकं जोडून कडं करा, दाब सारखा होतो. १२५० च्या पाण्यात ड्रीपर चुन्याने बुजतात. महिन्याने काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, लिटरला २०-३० ग्रॅम. ड्रमला झाकण आणि वर कापड बांधा. उघड्या पाण्यात आठवड्या-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. कुंडीखालच्या ताटल्यांतलं पाणीही ओतून टाका, मासिक साफसफाईवर सोडू नका.

जुळेसोलापूर_गच्ची

सगळ्यांचे मनापासून आभार. तळाला भोक पाडायला उद्याच मिस्त्रीला बोलावतो. एकच राहिलं: पाऊस सुरू झाला की टायमर बंद ठेवायचा ना?

झारीवाला

नको. आपल्याकडे जून-जुलैत दोन सरी आणि मग पंधरा-वीस दिवस उघडीप असं होतं, जोराचा पाऊस बहुतेक सप्टेंबरात. ५ मिलिमीटरच्या सरीने १२ इंची कुंडीत जेमतेम ३५० मिलिलिटर पाणी पडतं, त्यातलंही जास्वंदीची पानं बाहेर झटकतात. गच्ची ओली दिसते, कुंडी आतून कोरडी. १५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर त्या दिवशीचं पाणी बंद ठेवा, नाहीतर बोट घालून बघा आणि टायमर दिवसाआडवर न्या. गच्चीच्या कडेला सरळ भिंतीचा डबा ठेवून पट्टीने मोजलं तर पाऊस किती पडला ते घरीच कळतं.